दोन सर्वेक्षणांची सांगड : सांख्यिकीय विदा-संयोग आणि कृषी विस्तार

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रति सापळा ८ पतंग आढळणे किंवा हिरव्या बोंडांचे १० टक्के नुकसान होणे, ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. हा निकष शेतकऱ्यांपर्यंत कोणत्या माध्यमातून पोहोचवावा, हे ठरविताना एक अडचण येते. एका सर्वेक्षणात रेडिओ, दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी संदेशांविषयी विचारलेले असते, तर दुसऱ्यात सापळे व फवारणीविषयी. दोन्हींतील शेतकरी मात्र वेगळे असतात. अशा वेळी सांख्यिकीय विदा-संयोग उपयोगी पडतो.

कार्यपद्धती
वय, शिक्षण, धारणक्षेत्र, सिंचन व जिल्हा यांसारखे दोन्हीकडे समान असलेले प्रश्न प्रथम निवडले जातात. पहिल्या, म्हणजे ग्राही संचातील प्रत्येक शेतकऱ्यासाठी दुसऱ्या, म्हणजे दाता संचातील सर्वाधिक साम्य असणारा शेतकरी शोधून त्याची सापळ्यांविषयीची माहिती जोडली जाते. येथे तीच व्यक्ती नव्हे, तर तिच्यासारखी व्यक्ती जुळविली जाते.

मर्यादा
समान प्रश्नांची उत्तरे सारखी असलेल्या शेतकऱ्यांमध्ये माध्यम व सापळा-वापर यांचा परस्परसंबंध उरत नाही, हे या पद्धतीचे गृहीतक आहे. समजा, अशा एका गटातील १०० पैकी ५० शेतकरी रेडिओ ऐकतात व ४० जण सापळे लावतात. संयोगानंतर दोन्ही करणारे सुमारे २० दिसतील. प्रत्यक्षात ही संख्या ० ते ४० यांपैकी कोणतीही असू शकते. त्यामुळे ‘रेडिओचा परिणाम होत नाही’ असा निष्कर्ष या २० वरून काढल्यास उपयुक्त माध्यम बंद पडण्याचा व ऐन हंगामात सल्ला न पोहोचण्याचा धोका संभवतो.

दक्षता
• दोन्ही प्रश्नावल्यांतील समान प्रश्नांची शब्दरचना, एकके व हंगाम एकच ठेवावेत. एकीकडे एकर व दुसरीकडे हेक्टर असल्यास रूपांतर करावे.
• समान प्रश्न सापळा-वापराशी खरोखर निगडित असावेत. केवळ वय व लिंग पुरेसे नाही.
• एकच दाता वारंवार वापरला जात नाही ना, हे तपासावे.
• शक्य असल्यास थोड्या शेतकऱ्यांना दोन्ही विषयांचे प्रश्न विचारून गृहीतक पडताळावे.

विदा-संयोगाने गटाचे अनुमान मिळते. एखाद्या शेतातील फवारणीचा निर्णय मात्र त्याच शेतातील सापळे व बोंडे पाहूनच घ्यावा.