गुडघ्याच्या हाडाला चीर : वाटी बदलावीच लागते का?

प्रश्न : आई ६२ वर्षांची. दरवर्षीप्रमाणे यंदाही जोतिबाच्या डोंगराचे खेटे (पायी वाऱ्या) सुरू केले. पडली नाही, मार लागला नाही. पण तिसऱ्या खेट्यानंतर गुडघ्यात आतल्या बाजूला अशी कळ आली, की पाय टेकवेना. एक्स-रे चांगला आला, एमआरआयमध्ये मात्र हाडाला ताणाची चीर निघाली. वाटी बदलावी लागेल का? हाडात सिमेंट भरून भागते, हे खरे का?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : एवढ्यावरून वाटी बदलायची घाई करू नका. सपाट रस्त्यावरही दर पावलाला गुडघ्यावर वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, आणि त्यातला मोठा वाटा आतल्या बाजूला पडतो. पाळी गेल्यावर हाडे विरळ झाली असतील किंवा गुडघ्यातली गादी मुळाशी फाटली असेल, तर कूर्चेखालच्या हाडाला हा भार सोसत नाही आणि ते चिरते. १९६८ साली स्वीडनच्या आल्बेक यांनी या दुखण्याचे वर्णन केले, तेव्हा रक्तपुरवठा तुटून हाड मेले, असा समज होता. आता कळले आहे, की बहुतेकदा सुरुवात चिरेपासून होते. आणि चीर सांधू शकते.

म्हणून पहिला उपचार म्हणजे भार कमी करणे. काही आठवडे कुबड्या किंवा वॉकर, नंतर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी. जोडीला 'ड' जीवनसत्त्व आणि हाडांच्या घनतेची तपासणी हवीच. हाड खचले नसेल, तर अनेकांचे दुखणे एवढ्यावरच थांबते.

तरीही दुखत राहिले, तर पर्याय वेगवेगळे आहेत. तुम्ही ऐकलेले सिमेंट म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट. ते सुईवाटे चिरेच्या जागी भरतात, तिथे ते घट्ट होते आणि हळूहळू त्याची जागा नवे हाड घेते. याचे दीर्घकाळाचे पुरावे अजून तोकडे आहेत. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतील, तर नडगीचे हाड कापून सरळ करतात आणि प्लेट-स्क्रूने पक्के बसवतात. त्यामुळे भार बाहेरच्या बाजूला सरकतो आणि आपला सांधा टिकतो. हाड फक्त आतल्या बाजूला खचले असेल, तर अर्धा गुडघा बदलता येतो. पूर्ण गुडघा, म्हणजे तुम्ही म्हणता ती वाटी, बदलणे सर्वांत शेवटी.

तशी वेळ आलीच, तर कृत्रिम सांध्याची किंमत बिलात वेगळी मागा. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या पूर्ण सांध्यासाठी ती तेव्हा कराव्यतिरिक्त ५४,७२० रुपये होती.

सध्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : हाड खचले आहे का? गादी मुळाशी फाटली आहे का? पाय वाकडा आहे का? आईंना कोणता उपचार लागेल, हे या तीन उत्तरांवर ठरेल. तोवर उरलेले खेटे थांबवा.