रानभाताचे ऋण

हजारो वर्षे शेतकरी टपोऱ्या दाण्याची, एकाच वेळी पिकणारी रोपे निवडीत आला. त्यामुळे उत्पन्न वाढले. परंतु अनेक जनुके मागे राहून गेली. पिकांच्या रानटी आप्तांमध्ये ती अद्याप आढळतात. त्यांचे मोल भाताच्या एका उदाहरणावरून ध्यानात येईल.

१९७० च्या सुमारास तपकिरी तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या ‘ग्रासी स्टंट’ या विषाणुजन्य रोगाने आशियातील भातशेतीवर संकट आणले. रोगट रोपे खुरटत. दाणा धरत नसे. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. खात्रीची प्रतिकारशक्ती एकाच नमुन्यात सापडली. तो होता १९६३ साली उत्तर प्रदेशात गोळा केलेला रानभात. संस्कृतातील ‘नीवार’ या शब्दावरून त्याचे शास्त्रीय नाव ‘ओरायझा निवारा’ असे पडले आहे. दाणे पिकताच झडून जाणारे हे गवत शेतात उगवले, तर तण म्हणूनच उपटले जाते. शिवाय त्या नमुन्यातीलही मोजक्याच रोपांत हा गुण होता. लागवडीच्या वाणांशी त्यांचा वारंवार संकर करून तो गुण पिकात आणला गेला. १९७६ साली प्रसारित झालेला ‘आय. आर. ३६’ हा वाण त्यातूनच सिद्ध झाला आणि पुढे लक्षावधी हेक्टरांवर पसरला.

तेव्हा रानटी जातीचे दोन-चार नमुने जपून भागत नाही; तिच्यातील वैविध्य जपावे लागते. बीजपेढीत बी सुरक्षित राहते, पण बदलत नाही. पाणथळीतला रानभात मात्र कीड, रोग व अवर्षण यांना तोंड देत पिढ्यान्‌पिढ्या बदलत असतो. म्हणून दोन्ही हवीत. पाणथळ बुजली, तर कोणता गुण गमावला हेदेखील आपणास कळणार नाही.