जबरी चोरीतील मृत्यू : उद्देश आणि स्वसंरक्षण यांची शाबिती

लूटमारीच्या प्रसंगी कोणाचा मृत्यू ओढवला की न्यायालयापुढे मुख्यतः दोन प्रश्न येतात. मारणाऱ्याचा उद्देश काय होता? आणि ते कृत्य त्याने बचावासाठी केले काय? दोन्हींची उत्तरे माणसाच्या मनात असतात आणि मनाची साक्ष घेता येत नाही. म्हणून कायदा कृतीवरून मन ओळखतो. कृतीच्या खुणा घटनेनंतरच्या पहिल्या काही तासांत एक तर जपल्या जातात किंवा पुसल्या जातात. पोलीस पोहोचेपर्यंत गावात त्यांची राखण सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक अशा जाणत्या मंडळींनाच करावी लागते. यासाठी या विषयाची तोंडओळख त्यांना असणे अगत्याचे आहे.

जबरी चोरी आणि दरोडा

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तत्पूर्वीच्या गुन्ह्यांना मात्र जुनीच संहिता लागू आहे. नव्या संहितेच्या कलम ३०९ नुसार, चोरी करण्यासाठी, ती करताना किंवा माल घेऊन जाताना, त्याच हेतूने कोणास मारले, दुखापत केली, अडवून धरले किंवा तसे तत्काळ भय घातले, तर ती जबरी चोरी होते. पाच किंवा अधिक जणांनी मिळून ती केली तर तो दरोडा होय.

हा फरक केवळ नावाचा नाही. दरोडा घालताना टोळीतील एकाने जरी खून केला, तरी कलम ३१० (३) प्रमाणे प्रत्येक दरोडेखोर मृत्युदंड, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षांची सक्तमजुरी यांस पात्र ठरतो. चौघेच असतील तर तसे होत नाही. ज्याने घाव घातला नाही त्याला खुनासाठी जबाबदार धरण्यास बहुधा समान उद्देश सिद्ध करावा लागतो. ‘चार-पाच जण होते’ हे मोघम विधान म्हणूनच घातक ठरू शकते.

उद्देशाचा पुरावा

हत्यार कोणते होते, घाव शरीराच्या कोणत्या भागावर झाला, तो किती जोराचा होता, हत्यार सोबत आणले होते की जागेवर उचलले, या गोष्टींवरून न्यायालय उद्देशाचा निष्कर्ष काढते. विरसा सिंग खटल्यात (१९५८) पोटात भाल्याचा एकच वार झाला होता. आरोपीला नेमकी तीच जखम करावयाची होती आणि निसर्गक्रमानुसार ती मृत्यूस पुरेशी होती, एवढे सिद्ध झाल्यास तो खून ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. ‘ठार मारण्याचा विचार नव्हता’ ही सबब मग पुरत नाही.

याउलट, मृताचे दागिने एखाद्याजवळ सापडले एवढ्यावरून तो खुनी ठरत नाही. त्यास अन्य परिस्थितीची जोड लागते.

बचावाचा हक्क आणि त्याची मर्यादा

समजा, बाजारातून पिकाचे पैसे घेऊन परतणाऱ्या शेतकऱ्यास वाटेत कोयते घेतलेल्या तिघांनी गाठले. झटापटीत त्याच्या काठीने एकाचा प्राण गेला. कलम ४१ नुसार जबरी चोरीपासून मालमत्तेचे रक्षण करताना, गरज पडल्यास, हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत हा हक्क पोहोचतो. दर्शन सिंग खटल्यात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, धोक्याची रास्त भीती पुरेशी आहे. संकटात सापडलेल्याने प्रत्येक घाव तोलून मापून घालावा अशी अपेक्षा करता येत नाही. ‘तो काठी घेऊन धावला म्हणून मी वार केला’ असे लुटारूने म्हटले तर? शेतकऱ्याचा कायदेशीर प्रतिकार हा गुन्हाच नसल्याने त्याविरुद्ध लुटारूला बचावाचा हक्क मिळत नाही.

तथापि हा हक्क अमर्याद नाही. बचावास आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. कलम ४३ प्रमाणे जबरी चोरीविरुद्धचा हक्क हल्ला, अडवणूक किंवा त्यांचे तत्काळ भय असेपर्यंतच टिकतो. पकडून झाडाला बांधलेल्या चोराला मारणे हा बचाव नव्हे, तो सूड होय. त्यात तो मेला तर मारणाऱ्यांवरच खुनाचा आरोप येऊ शकतो. अफवा ही तर रास्त भीतीही नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध भटक्यांचा जीव घेतला, तोही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात.

बचावाचा दावा शाबीत करण्याचा भार आरोपीवर असतो. गुन्हा मात्र सरकार पक्षास निःसंशय सिद्ध करावा लागतो. आरोपीने आपले म्हणणे अधिक संभवनीय आहे एवढे दाखवले तरी पुरते, आणि त्यासाठी तो सरकार पक्षाच्याच पुराव्याचा आधार घेऊ शकतो.

गावाने काय करावे

जखमीस प्रथम उपचार मिळवून द्यावेत आणि ११२ या क्रमांकावर तत्काळ वर्दी द्यावी. मृतदेह, हत्यार, पायांचे ठसे व रक्ताचे डाग यांना कोणी हात लावू नये. गर्दी दूर ठेवावी. रक्ताळलेले कपडे धुऊ नयेत. दोन्ही बाजूंच्या जखमींची वैद्यकीय तपासणी व्हावी, कारण बचाव करणाऱ्याच्या अंगावरील जखम हाच पुष्कळदा त्याचा सर्वांत बोलका साक्षीदार असतो. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची नावे टिपून ठेवावीत. त्यांना काय सांगावे हे मात्र कोणी पढवू नये. आपल्यासमोर असा गंभीर गुन्हा करणाऱ्यास नागरिकांनी पकडले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार विनाविलंब, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे.

एवढे पथ्य पाळले गेले तर खरा गुन्हेगार पुराव्याअभावी सुटण्याची आणि प्राण वाचवण्यासाठी लढलेला शेतकरी खुनी ठरण्याची, अशा दोन्ही भीती पुष्कळ अंशी टळतील.