गॅसची शेगडी : ज्योत निळी, खोली मोकळी

आपल्या बहुतेक घरांत स्वयंपाक, अभ्यास आणि झोप एकाच खोलीत होते. म्हणून शेगडी आणि सिलिंडर यांची काळजी हा फक्त स्वयंपाक करणाऱ्या बाईचा विषय नाही, घरातल्या प्रत्येकाच्या आरोग्याचा आहे. या वेळी आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत.

पहिली गोष्ट, हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणजे आपण अंथरूण टाकतो, मुले झोपतात तिथेच. म्हणून रात्री शेगडीची बटणे बंद करून थांबू नका, रेग्युलेटरही बंद करा. सिलिंडर नेहमी उभाच ठेवा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर ठेवा. गॅस संपत आला म्हणून सिलिंडर आडवा करणे किंवा गरम पाण्यात ठेवणे फार धोक्याचे आहे.

दुसरी गोष्ट, ज्योतीचा रंग पाहा. निळी ज्योत म्हणजे गॅस नीट जळतो आहे. ज्योत पिवळी दिसते, भांड्याची बुडे काळी होतात, तेव्हा गॅस अर्धवट जळत असतो. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची लक्षणे. पावसाळ्यात, थंडीत दारे-खिडक्या लावून स्वयंपाक केला तर धोका वाढतो. स्वयंपाक चालू असताना खिडकी किंवा दार थोडे तरी उघडे हवे.

ज्योत पिवळी होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे उतू गेलेले दूध आणि भाताची पेज. बर्नरची भोके त्याने बुजतात. आठवड्यातून एकदा शेगडी थंड झाल्यावर बर्नर काढा, साबणाच्या पाण्यात भिजवा, जुन्या ब्रशने घासा, भोके सुईने मोकळी करा. पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. तरीही ज्योत पिवळीच राहिली तर मेकॅनिकला दाखवा. आतले भाग स्वतः उघडू नका.

तिसरी गोष्ट, रबरी नळी. आयएसआय शिक्क्याची सुरक्षा नळीच घ्या. तिची लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको. ती 5 वर्षांनी बदलायची असते. चीर पडली किंवा उंदराने कुरतडली तर त्याच दिवशी बदला. नळीवर कापड गुंडाळू नका, कारण चीर झाकली जाते. गळतीची शंका असेल तर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून कधीही तपासू नका.

नवा सिलिंडर घेताना सील पाहा आणि वरच्या पट्टीवरचे अक्षर व आकडा वाचा. तपासणीची मुदत तिथे लिहिलेली असते. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. पुढचा आकडा वर्षाचा. मुदत उलटलेला सिलिंडर परत करा. तो आपला हक्क आहे.

गॅसचा वास आला तर :
• विजेचे कोणतेही बटण चालू करू नका, बंदही करू नका.
• दिवा, मेणबत्ती, अगरबत्ती, मच्छर अगरबत्ती विझवा.
• रेग्युलेटर बंद करून काढा, सिलिंडरला टोपी लावा.
• दारे-खिडक्या उघडा. मुलांना, म्हाताऱ्यांना बाहेर न्या. शेजारच्यांना सांगा, वस्तीत भिंतीला भिंत लागलेली असते.
• बाहेर गेल्यावरच मोबाईलवरून 1906 या क्रमांकावर कळवा. हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. तेव्हा वासाकडे दुर्लक्ष करू नका.

हे घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलामुलींनीही शिकून घ्यावे. आज संध्याकाळी सगळ्यांनी मिळून नळीवरची तारीख वाचावी आणि रेग्युलेटर बंद करून पाहावा, एवढे आमचे सांगणे आहे.