डोंगर कोठून मोठा दिसतो?

घाटावरचा पाहुणा कोकणात आला म्हणजे डोंगरांवरून वाद निघतोच. पुण्याचा मुलगा म्हणतो, "आमचा सिंहगड समुद्रसपाटीपासून १,३१२ मीटर उंच आहे. तुमच्या रोह्याचा अवचितगड जेमतेम ३०० मीटर. त्याला काय डोंगर म्हणायचे?" रोह्याचा मुलगा निरुत्तर होतो, परंतु संध्याकाळी कुंडलिकेच्या काठी उभा राहिला, की अवचितगडच त्याला थोर वाटतो. यात केवळ गावाचा अभिमान आहे काय? नाही. गणितही त्याच्याच बाजूचे आहे.

डोंगराची उंची समुद्रापासून मोजतात, पण पाहणारा मनुष्य समुद्रात उभा नसतो. पुणे शहर स्वतःच सुमारे ५६० मीटर उंचीवर वसले आहे. म्हणून सिंहगडाची पुणेकरास दिसणारी उंची उरते ती सुमारे ७५० मीटर. शिवाय शहराच्या मध्यापासून गड सरळ रेषेत २० किलोमीटर दूर. म्हणजे अंतराच्या दर किलोमीटरमागे उंची पडली ३७ मीटर. उलट रोहे समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही आणि अवचितगड तेथून ५ किलोमीटरांच्या आतच आहे. त्याचा हिशेब दर किलोमीटरमागे निदान ६० मीटर येतो. डोळा असाच हिशेब करतो. त्याला मीटर ठाऊक नसतात. उंचीला अंतराने भागून जे उरते तेवढेच तो पाहतो.

हे पडताळून पाहणे सोपे आहे. हात सरळ लांब करावा, एक डोळा मिटावा आणि बोटे आडवी धरून डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत किती बोटांत झाकतो ते मोजावे. पुण्याहून सिंहगड दीड बोटात झाकतो. रोह्याहून अवचितगडास दोनहून अधिक बोटे लागतात.

याच मापाने जगातील तिसऱ्या क्रमांकाचे शिखर मोजले तर मोठी गंमत होते. कांचनगंगा ८,५८६ मीटर उंच आहे. दार्जिलिंग २,००० मीटरांहून थोडे अधिक उंचीवर असून शिखरापासून ते सुमारे ७४ किलोमीटर दूर आहे. भागाकार येतो ८८; पृथ्वीची गोलाई धरली तर त्याहूनही थोडा कमी. आता रायगड जिल्ह्यातील नेरळ घ्या. माथेरानचा कडा नेरळहून ७०० मीटरांहून अधिक वर उठतो आणि अंतर असते अवघे चार-पाच किलोमीटर. भागाकार १४० किंवा त्याहून अधिक! कांचनगंगा तीन-साडेतीन बोटांत झाकते, तर माथेरान झाकण्यास चार बोटेही पुरत नाहीत. तरीही दार्जिलिंगचे दृश्य पाहून मनुष्य स्तब्ध होतो, आणि नेरळला उतरलेला प्रवासी पुष्कळदा मान वरही करीत नाही. बर्फाची शुभ्रता, मधल्या दऱ्यांची खोली आणि शिखरांच्या रांगेची लांबी यांना बोटांचे माप लागू पडत नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

पेणची गोष्ट थोडी निराळी आहे. गावाला खेटून महलमिऱ्याचा डोंगर आहे. गावात उभे राहिले तर जवळचे डोंगरच आकाश अडवितात. त्यांच्यामागे असलेला सह्याद्रीचा मुख्य माथा दिसत नाही. परंतु पश्चिमेस खारेपाटाच्या सपाट शेतांत चालत गेले, की पुढची रांग खाली बसते आणि तिच्या खांद्यावरून मागची उंच रांग हळूहळू डोके वर काढते. जवळ गेल्याने जे दिसत नाही ते मागे सरल्याने दिसते. पेणहून पनवेलच्या वाटेवर कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका लागतो. तो तर दुरूनही ओळखू येतो. कारण त्याच्या आकाराचे दुसरे काही आसपास नाही.

वेळेचाही विचार करावा लागतो. सह्याद्री कोकणच्या पूर्वेस असल्यामुळे सकाळी सूर्य त्याच्यामागे असतो आणि डोंगर नुसत्या काळ्या रेघेसारखा भासतो. दुपार कलली म्हणजे कड्यांवर ऊन पडते व खडकांचे आडवे थर एकेक मोजता येतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचून हा प्रदेश घडला, त्याच्याच या खुणा. घाटावरून पश्चिमेकडे पाहणाऱ्यास हा खेळ सकाळी दिसतो. आणि ऋतू म्हणाल, तर पाऊस सरल्यावरचा आश्विन महिना सर्वांत चांगला. हवा धुऊन निघालेली असते. चैत्र-वैशाखात धुरकट हवेमुळे तोच डोंगर दूर गेल्यासारखा वाटतो.

सह्याद्रीची पूर्वेकडील बाजू उतरती व पश्चिमेकडील तुटलेली, म्हणूनच कोकणातून तो भिंतीसारखा दिसतो. पण या भिंतीच्या अंगाखांद्यावर माणसेही राहतात. खालापूर तालुक्यात इर्शाळगड नावाचा सुळक्याचा डोंगर आहे. त्याच्या उतारावर ठाकर समाजाची इर्शाळवाडी ही वस्ती होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात वरचा उतार सुटला आणि झोपलेल्या वाडीवर कोसळला. ८० हून अधिक माणसे मृत्यू पावली किंवा बेपत्ता झाली. वाडीपर्यंत गाडीचा रस्ता नव्हता. मदतीस गेलेल्यांना पावसात, चिखलातून, पायीच डोंगर चढावा लागला.

वाचलेल्या कुटुंबांना पुढे पायथ्याकडील चौक गावाजवळ सपाट जागेत घरे देण्यात आली. चौकहून इर्शाळगड स्पष्ट दिसतो. पूर्वी तो त्यांच्या अंगणावरच उभा असे. आता तो काही किलोमीटर मागे गेला आहे आणि तेवढाच ठेंगणा दिसतो.