भूकंपाचे गणित आणि आपले घर

कोयना कराडला आणि वारणा सांगलीजवळ कृष्णेला मिळते. तेच पाणी पुढे कुरुंदवाडजवळ पंचगंगेच्या संगमाशी येते. या कोयना-वारणा पट्ट्यात जागृत भ्रंश आहेत. भ्रंश म्हणजे खडकातील अशी भेग, जिच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासून सरकतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर येथे ६.३ रिश्टरचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली. तसा भूकंप पुन्हा केव्हा होईल, असे विद्यार्थी आम्हांस नेहमी विचारतात.

या प्रश्नामागील गणित साध्या भागाकाराचे आहे. भ्रंशाच्या बाजू वर्षाकाठी किती सरकू पाहतात, ते काढावे. एका मोठ्या भूकंपात त्या प्रत्यक्ष किती सरकतात, ते मोजावे. दुसऱ्या आकड्यास पहिल्याने भागावे. येणारे उत्तर म्हणजे आवर्तनकाळ. हिमालयात हा वार्षिक वेग सुमारे २ सेंटिमीटर आहे. एका भूकंपात खडक ६ मीटर सरकला असे धरल्यास आवर्तनकाळ ३०० वर्षे येतो. दख्खनचा खडक फार संथ आहे. उदाहरणादाखल वेग वर्षाला ०.१ मिलिमीटर धरला, तर १ मीटर सरकण्यास १०,००० वर्षे लागतील. एवढ्या काळाची बखर नाही, शिलालेखही नाही. म्हणून संशोधक भ्रंशावर आडवा चर खणतात, तुटलेले मातीचे थर वाचतात आणि त्यांतील कोळशाचे वय काढतात. इतिहासाच्या साधनांत मातीचीही गणना करावी लागते, ती अशी.

परंतु सरासरी म्हणजे तारीख नव्हे. आपल्या शिरोळ तालुक्यात २००५ नंतरचा महापूर १४ वर्षांनी, २०१९ मध्ये आला. त्यापुढचा अवघ्या दोन वर्षांनी, २०२१ मध्ये. सरासरी आठ वर्षांची; पण आठ वर्षांच्या अंतराने एकही आला नाही. भूकंपाचेही तसेच आहे. शिवाय कोयनेत धरणाचे पाणी खोल भेगांत झिरपते आणि साचलेला ताण वेळेआधी मोकळा करते. तेथे हा भागाकार अधिकच डळमळतो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी भूकंप झाला ती किल्लारी तर तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. तेथे हजारो माणसे मेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या दगडी भिंती व जड माळवदे अंगावर कोसळून. धक्क्याचा दिवस आपल्या हाती नाही, भिंत आहे.

आमच्या पालकांपैकी अनेकांची घरे आजही तशीच आहेत. घर बांधताना वा दुरुस्त करताना दगडी भिंतीत आरपार जाणारे दगड बसवावेत, दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना जोडणारा सळईयुक्त काँक्रीटचा पट्टा घालावा आणि छप्पर हलके ठेवावे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे अभियंते वा गवंडी झाले आहेत, त्यांनी आपल्या वस्तीतील जुन्या घरांची पाहणी करून द्यावी, अशी आमची विनंती आहे.