गिझर बिघडलाय की व्होल्टेज?

प्रश्न : गिझरवर २३० व्होल्ट, २००० वॅट छापलंय. संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतं, क्लॅम्प मीटर ६.८ अँपिअर दाखवतो आणि पाणी तापता तापत नाही. कॉइल गेली का?

उत्तर : कॉइल ठणठणीत आहे. व्होल्टला अँपिअरने भागा : १८० ÷ ६.८, म्हणजे रोध साधारण २६.५ ओहम. छापील आकड्यांवरूनही (२३० × २३० ÷ २०००) तेवढाच येतो. आता गुणाकार : १८० × ६.८ = १२२४ वॅट. व्होल्टेज पाव हिश्शानेही घटलं नाही, पण शक्ती जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटली, कारण व्होल्टेजबरोबर करंटही उतरतो. (हीच रीत पंख्याला लावू नका, मोटरचं गणित निराळं.) कोणी कॉइल बदलायला सांगितलीच, तर आधी व्होल्टेज पूर्ण असताना मोजायला लावा. ८.७ अँपिअर दिसले की विषय मिटला.